तांबं उरतंय, ट्रॅक तुटतोय आणि आळ फेरिकवर

पत्र यावल तालुक्यातल्या एका वाचकाचं आहे. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड केला, आता गावात टीव्ही, चार्जर, मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करतात. शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्री लाइट कधी आली हे शेतातल्या खोलीत झोपलेल्या माणसाला कळावं, म्हणून तिन्ही फेज आले की बजर वाजवणारा एक बोर्ड त्यांनी घरीच बनवला. शेजारपाजारच्या काही केळीवाल्यांनी तो घेतला, आता आणखी मागणी आहे. पद्धत नेहमीची: प्रिंटवरचा टोनर, म्हणजे काळी पूड, इस्त्रीने कॉपर क्लॅडवर, म्हणजे तांब्याचा थर असलेल्या पत्र्यावर, चिकटवायचा, आणि उघडं तांबं फेरिक क्लोराइडच्या द्रावणाला खाऊ द्यायचं; टोनरखाली तांब्याच्या वाटा, म्हणजे ट्रॅक, उरतात. पण दहातले जेमतेम चार बोर्ड धड निघतात. मध्यभागी तांबं उरतं, कडेचे ट्रॅक बारीक होऊन तुटतात, होल पाडताना पॅड (होलभोवतीचं तांब्याचं कडं) उखडतात, ड्रिलची बिटं मोडतात. फेरिक क्लोराइड भेसळीचं असावं असा त्यांचा संशय आहे. आधी जळगावचं आणलं, मग मुंबईचं, तरी फरक नाही. मित्र म्हणतो, 35,000 चं छोटं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं खोदाईचं मशीन, हप्त्यावर घे. वडील म्हणतात, हा उद्योग सोड आणि पुण्याला कंपनीत लाग. आईची तक्रार शहाबादी फरशीवरच्या पिवळ्या डागांची. बाहेरून बोर्ड बनवून घ्यायचाही विचार मनात आला, पण “मग त्यात माझं काय राहिलं?” असं ते विचारतात. चांगलं फेरिक कुठे मिळेल, मशीन घ्यावं का, की सोडूनच द्यावं, हे त्यांचे प्रश्न आहेत.

भाऊ,

जळगावच्या फेरिकने बोर्ड बिघडला, मुंबईच्या फेरिकनेही तसाच बिघडला, आणि पत्रात तुम्ही तिसऱ्या दुकानाचा पत्ता विचारताय. दोन दुकानांचा माल एकाच पद्धतीने फसत असेल, तर दुकान सोडून आपल्या ओट्यावर काय चाललंय ते बघायला हवं. फेरिक जुनं होतं, हवेतली ओल धरतं, वापरून वापरून मंद होतं, हे सगळं खरं. पण मधे कमी खायचं आणि कडेला जास्त, असा भेदभाव करायची अक्कल त्याला नसते.

मधे तांबं उरणं आणि कडेचे ट्रॅक तुटणं या तुम्ही दोन तक्रारी म्हणून लिहिल्यात. माझ्या मते ती एकच आहे. ट्रे स्थिर ठेवला की बोर्डाच्या कडेला ताजं द्रावण सतत पोचतं आणि मध्यावर मात्र वापरलेल्या, तांबं पिऊन बसलेल्या द्रावणाचा थर साचून राहतो. मधलं तांबं जायची तुम्ही वाट बघत बसता. कडेचं काम तोवर कधीच संपलेलं असतं आणि तिथे फेरिक आता टोनरच्या खालून, आडवं खायला लागलेलं असतं. नेहमीच्या कॉपर क्लॅडवर तांब्याचा थर 35 मायक्रॉनचा असतो. खाली 35 मायक्रॉन जाताना द्रावण बाजूलाही जवळपास तेवढंच सरकतं, म्हणजे 0.3 मिमीचा ट्रॅक नीट झालेल्या कामातही थोडा बारीक होतोच. त्यावर तुम्ही तो मध्याच्या नादाने आणखी वीस मिनिटं आत ठेवला, तर तो तुटण्यात नवल काय?

उपाय स्वस्त आहे. बोर्ड तांब्याची बाजू वर करून ट्रेच्या तळाशी झोपवू नका. मागच्या बाजूला फोमचा तुकडा दुहेरी टेपने चिकटवा आणि तांबं खाली करून बोर्ड तरंगत ठेवा. निघालेला गाळ आपोआप खाली बसतो, बोर्डावर साचत नाही. ठेवताना एका कडेने तिरका सरकवत ठेवा, नाहीतर खाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि बरोबर तेवढा गोल ठिपका तांब्याचा तसाच राहतो. दर मिनिट-दोन मिनिटांनी ट्रे हलवा. माशांच्या टाकीचा हवेचा पंप लावणारेही आहेत; काम झपाट्याने होतं, पण बारीक तुषार उडतात, तेव्हा झाकण हवं आणि खोलीत दुसरं लोखंडी हत्यार नको. फेरिकच्या वाफेत पकडी, स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंग गनची टोकं महिनाभरात गंजतात.

वेळेचं गणित आपल्याकडे ऋतूनुसार फार बदलतं, आणि बाहेरच्या व्हिडिओत सांगितलेली मिनिटं खानदेशात जशीच्या तशी लागू पडत नाहीत. फेरिकला 40 ते 50 अंश तापमान मानवतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीतलं फेरिक तेव्हा न तापवताच 40 अंशांवर असतं आणि हलवत राहिलं तर बोर्ड दहा-पंधरा मिनिटांत होतो. डिसेंबरात धुळ्याकडे पहाटे पारा 5-6 अंशांवर येतो, तुमच्याकडेही थंडी काही कमी नसते. त्या दिवसांत तोच बोर्ड न हलवता ठेवला तर तास खातो. म्हणून घड्याळ लावून आत जाऊ नका, बोर्डाकडे बघत राहा. हिवाळ्यात मोठ्या टबात गरम पाणी घेऊन त्यात प्लास्टिकचा ट्रे ठेवा. गॅसवर मात्र कधीही नाही. आणि ॲल्युमिनियमचं पातेलं तर जवळही आणू नका, फेरिक ते उकळी फुटल्यासारखं खातं.

द्रावण पुरेसं आहे का, हे अंदाजाने ठरवू नका, त्याचा हिशोब होतो. 10 बाय 10 सेंमीच्या एकेरी बोर्डावर साधारण 3 ग्रॅम तांबं असतं. ते सगळं काढायचं तर निर्जल फेरिक 16 ग्रॅमच्या आसपास लागतं आणि पिवळसर ढेकळांचं, म्हणजे पाण्याचा अंश असलेलं फेरिक असेल तर 27 ग्रॅमच्या आसपास. हे कागदावरचं. प्रत्यक्षात निम्मं खर्ची पडलं की गती मंदावते, म्हणून दुप्पट धरा. ढेकळांचं असेल तर लिटरभर पाण्याला 500 ग्रॅम हे चालणारं प्रमाण आहे. पाण्यात फेरिक थोडं थोडं टाका, फेरिकवर पाणी ओतू नका. निर्जल पूड पाण्यात पडताच भरपूर तापते आणि नाक झोंबवणारा धूर येतो. वाटीभर द्रावणात पाच बोर्ड काढून सहावा का होत नाही म्हणून दुकानदाराला बोल लावणारे मी बरेच पाहिलेत.

आता खरा मुद्दा. बोर्डाचा निकाल बहुतेक वेळा तो फेरिकमध्ये पडण्याआधीच लागलेला असतो, आणि हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. पुढचा बोर्ड तयार झाला की फेरिकमध्ये फक्त दहा-पंधरा सेकंद बुडवा, काढा, पाण्याखाली धरा आणि उजेडात तिरका करून बघा. जिथे द्रावण तांब्याला लागलं तिथला चकचकीतपणा जाऊन मंद गुलाबी, खरबरीत रंग आलेला असतो. जिथे अजून आरशासारखं चमकतंय, तिथे मधे काहीतरी आहे. ती चमकती जागा कधी अंगठ्याच्या आकाराची असते, अगदी रेषा मोजता येतील इतकी. कधी दोन पॅडच्या मधल्या खिंडीत बारीक पट्टी असते. अंगठा म्हणजे तेल, पट्टी म्हणजे कागद. अजून काहीही बिघडलेलं नाही, बोर्ड वाचवता येतो. तासाभराने हेच दोष ‘मधे तांबं उरलं’ या नावाने तुमच्यासमोर येतात आणि तुम्ही फेरिकला शिव्या घालता.

तेलाचा बंदोबस्त असा: भांडी घासायच्या हिरव्या घासणीने आणि साबणाने कॉपर क्लॅड गोल गोल घासा, मग त्यावर पाणी सोडा. पाण्याचा अखंड पापुद्रा टिकला तर पत्रा स्वच्छ. पाणी फाटून थेंब थेंब झालं तर पुन्हा घासा. त्यानंतर फक्त कडेला धरायचं. खोलीत चिवडा-भजी खात खात हे काम होत नाही, हे तुमच्या मित्रमंडळींनाही सांगा.

कागदाचा बंदोबस्त थोडा चिकाटीचा. चकचकीत मासिकाचा कागद वापरत असाल तर त्याच्यावर मातीसारखा एक पांढरा लेप असतो. भिजवून कागद निघाला तरी तो लेप पॅडच्या मधे पातळ पापुद्र्यासारखा राहतो. ओला असताना दिसत नाही, वाळला की पांढरट दिसतो. म्हणून कागद काढल्यावर बोर्ड एकदा पूर्ण वाळवून बघा, मग पुन्हा ओला करून मऊ टूथब्रशने आयसीच्या (चिपच्या) पायांमधली जागा साफ करा. ब्रशने टोनरही निघत असेल तर टोनर नीट बसलेलाच नव्हता.

टोनर न बसण्याची तुमच्याकडची दोन कारणं मला पत्रावरूनच दिसतात. एक, तुम्ही गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढता. त्याच्या मशीनला टोनर वाचवायची सोय चालू असते, कारण त्याचा धंदाच पानामागे चार पैसे वाचवण्याचा आहे. ती बंद करून सर्वांत गडद प्रिंट मागा, आणि काळा भाग उजेडावर धरून बघा. त्यात सुईची भोकं दिसत असतील तर तीच भोकं ट्रॅकमध्ये येणार. दोन, तुम्ही हे काम संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर करता. त्या वेळी गावात व्होल्टेज 180 पर्यंत उतरतं असं तुम्हीच लिहिलंय. 230 ची इस्त्री 180 वर चालवली की तिची ताकद जवळजवळ 40 टक्क्यांनी कमी होते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाने उतरते. एकटी ठेवली तर ती हळूहळू तापते, दिवाही विझतो. पण गार बोर्डावर ठेवली की उष्णता ओढली जाते आणि तिला ती भरून काढता येत नाही. सकाळी करून बघा. वाफेचं पाणी काढून टाकलेली इस्त्री, सर्वांत गरम खूण, चार-पाच मिनिटं दाब, आणि टोकाने कोपरे वेगळे दाबायचे. वाफेच्या इस्त्रीला तळाशी जी भोकं असतात त्यांच्याखाली दाब पडत नाही, म्हणून ती एका जागी ठेवू नका, सरकवत राहा.

एवढं होऊनही एखादा ट्रॅक तुटका आला तर पक्क्या शाईच्या सीडी मार्करने दोनदा गिरवा, शाई पूर्ण वाळू द्या आणि मग फेरिकमध्ये घाला. लेआउटमध्येच, म्हणजे ट्रॅकच्या नकाशातच, थोडी उदारता दाखवली तर मार्करची गरजही कमी पडेल. घरच्या बोर्डाला 0.3 मिमीचे ट्रॅक कशाला हवेत? 0.8 किंवा 1 मिमी घ्या. आयसीच्या दोन पायांमधून ट्रॅक काढायची हौस कारखान्याच्या बोर्डासाठी राहू द्या, इथे वरून एक जंपर, म्हणजे तारेचा तुकडा, टाका. जंपर टाकण्यात कमीपणा नाही.

होलचं सांगतो. बिटं मोडतात असं तुम्ही लिहिलंत, पण ती कोणती ते लिहिलं नाही. हातात धरून चालवायच्या 12 व्होल्टच्या मोटारीला कार्बाइडचं बिट लावत असाल, तर ते मोडणारच. कार्बाइड फार कडक आणि तेवढंच ठिसूळ, हात केसभर वाकडा झाला की गेलं. ते स्टँडला लावलेल्या ड्रिलमध्येच वापरायचं. हाताने काम करायचं तर साधं एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट घ्या, ते थोडं वाकतं पण टिकतं. मात्र ग्लास इपॉक्सी पत्र्यातले काचेचे धागे त्याची धार लवकर मारतात. धार गेली की आपण नकळत दाब वाढवतो, दाबाने बिट तापतं, मोटार मंदावते, आणि मग एकतर बिट तुटतं किंवा पॅड उचललं जातं. तुमच्या मोटारीचा ॲडॉप्टर तपासा. लोड पडला की आवाज खाली येत असेल तर ॲडॉप्टर कमी पडतोय. बारीक बिटाला वेग हवा, जोर नको. बिट फिरताना टोक स्पष्ट एका बिंदूत दिसायला हवं. टोकाचा धुरकट गोल दिसला तर चक (बिट पकडणारा भाग) वाकडा आहे, बिटाचा दोष नाही.

पॅड उखडण्याला आणखी दोन कारणं असतात आणि तीही आधीच्या टप्प्यातली. लेआउटमध्ये पॅड 1.5 मिमीचा आणि होल 1 मिमीचं, म्हणजे सगळं नीट मधोमध बसलं तरी भोवती पाव मिमीचं कडं उरतं. जरा सरकलं की एका बाजूला काहीच नाही. घरच्या कामाला पॅड 2 मिमीचा ठेवा, आयसीला लांबट अंडाकृती. आणि पॅडच्या मध्यावर लेआउटमध्येच 0.4 मिमीची मोकळी जागा सोडा. फेरिक तिथलं तांबं खाऊन टाकतं, तिथे खळगी तयार होते आणि बिट घसरत नाही. होल तांब्याच्या बाजूनेच पाडा, खाली लाकडाची सपाट फळी, आणि टोनर तोवर पुसू नका. मापं: रेझिस्टर, आयसीला 0.8, चार हजार सात नंबरच्या डायोडला आणि पिनपट्ट्यांना 1, स्क्रूच्या टर्मिनलला आणि रिलेला 1.2 ते 1.3. एक मात्र नीट आठवून बघा: पॅड खरंच ड्रिलमध्ये उखडतं, की सोल्डर करताना? तपकिरी, स्वस्त फिनोलिक पत्र्यावर सोल्डरिंग गन पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त टेकली की पॅड सुटतं आणि नाव ड्रिलचं होतं.

काचेची धूळ फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा. मोडलेल्या बिटाचं टोक कुठे जाईल ते कुणाच्या हातात नसतं.

आईंच्या फरशीबद्दल तुम्ही जरा हसण्यावारी लिहिलंय. त्यांचं बरोबर आहे. शहाबादी हा चुन्याचा दगड, आम्ल त्याला खातं आणि लोखंडाचा पिवळा डाग आत मुरतो. तो आता निघायचा नाही. पण त्याहून महत्त्वाचं, वापरलेलं फेरिक तुम्ही मागच्या मोरीत ओतता आणि ते पाणी परसातल्या लिंबाकडे जातं असं लिहिलंत. हे आजपासून बंद करा. तुमच्या भागात बोर्डोसाठी मोरचूद वापरणाऱ्यांना माहीतच आहे की तांबं बुरशी मारतं. तेच तांबं जमिनीत साचत गेलं की चांगले जीवही मारतं, आणि विहीर-बोअरला पोचलं तर वेगळाच घोर. वापरलेलं द्रावण झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये साठवा, वर ठळक नाव लिहा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच नाही, रंग हुबेहूब तसाच असतो आणि घरात लहान मुलं आहेत. अगदीच निकामी झालं की धुण्याचा सोडा हळूहळू घाला, फेस यायचा थांबेपर्यंत. लोखंड आणि तांबं गाळ होऊन खाली बसतं. तो गाळ वाळवून वेगळा ठेवा. छोट्या प्रमाणावर काम करणारे तो सिमेंटमध्ये कालवून त्याचा गोळा करून ठेवतात. जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबला विचारलं तर त्यांच्या टाकाऊ मालाबरोबर घेतातही. आणि काम न्हाणीघराबाहेर, जुन्या रेक्झिनवर.

मशीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: हप्त्यावर घेऊ नका. छोटं सीएनसी तांबं खरवडून काढतं, फेरिक लागत नाही, होलही तेच पाडतं, हे सगळं खरं. पण बोर्ड जरासा वाकडा असला तर एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला वरवर खरवडतं, टोकदार बिटं झिजतात, आणि काचेची धूळ फेरिकपेक्षा परवडली असं म्हणवत नाही. तुमचा आजचा दोष तयारीतला आहे. मशीन आलं की तो फक्त नवीन नावाने येईल, आणि त्याच्यासोबत हप्ता येईल. वर सांगितलेलं करून सलग दहा बोर्ड काढा. त्यातले आठ-नऊ धड निघाले आणि तरीही हाताला दम नसेल एवढी मागणी आली, तर मशीनचा विचार नको, कारखान्याचा करा.

इथे तुमचं ते वाक्य येतं, “मग त्यात माझं काय राहिलं?” भाऊ, शेतातल्या माणसाला रात्री दोनला उठून लाइट बघायला जावं लागतं हे तुम्ही ओळखलंत, त्यावर सर्किट बसवलंत, ते चाललं. फेरिकमध्ये हात पिवळे करणं म्हणजे ते काम नव्हे. घरचा बोर्ड असतो कल्पना तपासायला: सकाळी सुचलं, दुपारी बोर्ड, संध्याकाळी चूक कळली, दुसऱ्या दिवशी नवा. या कामात घरच्या बोर्डाला तोड नाही आणि ते कधीच सोडू नका. पण एकच बोर्ड पंचवीसदा करायचा असेल तर केआयकॅडसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये लेआउट काढून फाइल बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला पाठवायची. बहुतेक ठिकाणी 5 किंवा 10 नगांपासून ऑर्डर घेतात, होल पाडलेले, हिरवा संरक्षक लेप (सोल्डर मास्क) चढवलेले, नावं छापलेले बोर्ड कुरियरने घरी येतात. बिघडलेल्या सहा बोर्डांचं कॉपर क्लॅड, फेरिक, बिटं आणि तुमचे तास खरे धरून एकदा हिशोब मांडा. वडिलांनाही तो दाखवा. पुण्याला जायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. पण ‘हा उद्योग’ म्हणजे नेमका किती रुपयांचा, हे त्यांना आजपर्यंत कुणी सांगितलेलं दिसत नाही, आणि फक्त डाग आणि वास बघून त्यांनी मत बनवलं तर त्यांचं काय चुकलं?

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. पत्रासोबतच्या आकृतीत तिन्ही फेज रेझिस्टर आणि कपॅसिटरमधून थेट तुमच्या बोर्डावर आले आहेत, ट्रान्सफॉर्मर नाही. म्हणजे दोन ट्रॅकच्या मधे 415 व्होल्ट आणि संपूर्ण बोर्ड, बजरच्या तारांसकट, जिवंत. हा बोर्ड तुमच्याच म्हणण्याप्रमाणे दहातले सहा वेळा नीट होत नाही. डोळ्यांना न दिसणारा तांब्याचा एक तंतू दोन फेजच्या मधे राहिला की काय होईल, हे तुम्ही स्टार्टर दुरुस्त करणारे, तुम्हाला मी काय सांगू. फेरिक नीट धुतलं गेलं नसेल तर त्याचा अंश पावसाळ्यात हवेतली ओल ओढतो आणि तिथून हळूहळू करंट गळतो. फिनोलिक पत्रा तर अशा गळतीने काळा पडून कोळसा होतो, आणि कोळसा वीज वाहतो. शिवाय केळीच्या बागेतली दमट हवा, पेटीत उबेला येणारी पाल, मुंग्या. आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार, कारण शेवटचं धुणंही तुम्ही त्याच पाण्याने करता. (ते साबण आणि सोड्याच्या पाण्याने घासून, शेवटी बॅटरीत घालायच्या पाण्याने करा, मग पूर्ण वाळवा. हे प्रत्येक बोर्डाला, 5 व्होल्टच्याही.)

माझा सल्ला, 415 व्होल्ट घरच्या बोर्डावर आणूच नका. सिंगल फेज प्रिव्हेंटर बाजारात तयार मिळतो, बहुतेक स्टार्टरच्या पेटीत तो असतोच, आणि तिन्ही फेज नीट आहेत की नाही हे ओळखायचंच त्याचं काम आहे. त्याला स्टार्टरच्या कॉइलच्या वायरिंगमध्ये न गुंतलेला मोकळा कॉन्टॅक्ट असेल तर फक्त तो घ्या. नसेल तर 415 व्होल्ट कॉइलचे दोन तयार रिले (विजेवर चालणारे स्विच) वेगळ्या झाकणाच्या डबीत बसवा, दोन वेगळ्या फेजजोड्यांवर आणि कॉन्टॅक्ट एकापाठोपाठ जोडून; एकच रिले तिसरी फेज ओळखत नाही. ते काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. तुमच्या बोर्डावर मग बॅटरीचे 9 किंवा 12 व्होल्ट, एक कॉन्टॅक्ट आणि बजर एवढंच येईल. तेवढ्यासाठी घरचा बोर्ड उत्तम, आणि एखादा ट्रॅक चुकला तर बजर वाजणार नाही इतकंच होईल.

आणि जे बोर्ड आधीच शेजाऱ्यांच्या पेटीत बसलेत ते पावसाळ्याआधी काढून आणा. सगळे. मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून खिशात ठेवून, टेस्टरवर भरवसा न ठेवता मीटरने तिन्ही फेज तपासून, आणि कपॅसिटर डिस्चार्ज करूनच हात घाला. एखादा आप्पा म्हणेल, “चालतंय ना, राहू दे की.” त्याला पैसे परत द्या, नवा बोर्ड फुकट देईन म्हणून सांगा, पण जुना सोडून येऊ नका. नवा तयार होईपर्यंत स्टार्टरवरचे तीन दिवे बघूनच त्याला मोटार सुरू करू द्या.